एकाच टँकमध्ये वेगवेगळे मासे: आधी पाणी ओळखा, मग मासा निवडा

दुकानात सगळे मासे एका रांगेत मांडलेले असतात, त्यामुळे ते घरीही एकत्र राहतील असं वाटतं. मग पिशवीत येतात दोन गोल्डफिश, चार गप्पी, एक एंजल, 'काच साफ करायला' एक सकर आणि शार्क म्हणून विकलेलं चंदेरी पिल्लू. हा मेळ जमत नाही. गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि तो घाणही फार करतो. एंजल मोठा झाला की तोंडात मावेल तो मासा गिळतो. सकर फूटभर वाढतो आणि रात्री गोल्डफिशसारख्या संथ माशाच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो. तो 'शार्क' तर पंगस जातीचा, तीन-चार फुटांपर्यंत जाणारा. घरच्या टँकमध्ये त्याची जागाच नाही.

आपल्या भागात निवडीची सुरुवात नळापासून करावी. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी मिळतं. खानापूर आणि पश्चिमेकडची गावं घाटाच्या पावसावर जगतात. धरणाचं आणि पावसाचं हे पाणी बहुधा मऊ असतं. अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड लागतं. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजायला वेळ घेते, गीझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या काठावर पांढरा थर धरतो, ही जड पाण्याची खूण. शहरातही घरच्या बोअरचं पाणी आणि नळाचं पाणी वेगळं निघतं, म्हणून टँकमध्ये जे जाणार तेच तपासा. टेस्ट स्ट्रिपवर (पाण्यात बुडवून रंगावरून वाचायची पट्टी) जडपणा साधारण १५० पीपीएमच्या आत असेल तर मऊ, २०० च्या वर असेल तर जड समजा. उसाच्या पट्ट्यातल्या बोअरला खतामुळे मुळातच नायट्रेट असू शकतो, तोही एकदा बघून घ्या.

पाणी बदलण्यापेक्षा पाण्याला मानवणारा मासा घेणं केव्हाही सोपं. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे तो आकडा) कमी-जास्त करायच्या बाटल्यांच्या नादी लागू नका. त्याने पीएच वर-खाली होत राहतो आणि मासे त्या हेलकाव्यानेच मरतात. जड पाणी मऊ करायचंच असेल तर आरओचं किंवा पहिले दोन-तीन पाऊस गेल्यानंतर धरलेलं पावसाचं पाणी निम्मं-निम्मं मिसळा. जडपणा जवळपास अर्ध्यावर येतो. पण एकदा ठरवलेलं प्रमाण दर वेळी तेच ठेवावं लागतं. मिठावर चालणाऱ्या घरगुती सॉफ्टनरचं पाणी वापरू नका, त्यात सोडियम वाढलेलं असतं.

टँक ३ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच घ्या. आत जवळपास १०० लिटर मावतं. दोन फुटी टँक स्वस्त पडतो, पण दबलेल्या माशाला त्यात पळायला जागा उरत नाही आणि पाणीही लवकर बिघडतं. भरल्यावर काच, खडी आणि पाणी मिळून वजन १३० किलोच्या पुढे जातं, तेव्हा कपाटावर किंवा टीपॉयवर ठेवू नका. लोखंडी स्टँड, त्यावर प्लायवूड आणि मग थर्माकोल.

मऊ पाण्यासाठी या मापाच्या टँकमध्ये जमणारा मेळ: १० निऑन टेट्रा, १ नर आणि २ माद्या पर्ल गौरामी, तळाला ६ कोरी (तळाशी फिरणारे छोटे मिशीवाले मासे) आणि १ ब्रिसलनोज (सकरच्याच कुळातला, पण लहानच राहणारा). निऑन मधल्या पाण्यात फिरतात, गौरामी वरच्या भागात, कोरी वाळूत. कोरीसाठी तळाला बारीक गुळगुळीत वाळू हवी. धारदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात, मग अन्न शोधता येत नाही आणि मासा हळूहळू खंगतो.

जड पाण्यासाठी: १ नर ३ माद्या मॉली, ६ प्लॅटी, ६ गप्पी आणि १ ब्रिसलनोज. प्लॅटी आणि गप्पी फक्त नरच घ्या. ओळखायला सोपं आहे: पोटाखाली मागच्या बाजूचा पर बघा. नराचा काडीसारखा निमुळता, मादीचा पंख्यासारखा पसरलेला. मादी घेतली तर दुकानातूनच गाभण येते, एकदा नराच्या संगतीत राहिली की पुढे कित्येक महिने पिल्लं देत राहते, आणि टँक बघता बघता भरतो. मॉलीची पिल्लं मात्र होणारच, ती कुणाला द्यायची ते आधी ठरवा.

टायगर बार्बबद्दल जरा सविस्तर, कारण बरेच टँक त्याच्यामुळे बिघडतात. हा मासा कळपातला. दोन-तीनच ठेवले की आपसातली मारामारी दुसऱ्यांवर निघते. एंजलच्या किंवा गौरामीच्या परांचे लांब दोरे हलताना दिसले की एक बार्ब तिरका होऊन जवळ येतो, टोक ओढून पळतो, आणि लगेच दुसरा त्याच जागी येतो. दोन दिवसांत पराच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात, तिथे पांढरी बुरशी धरते आणि दोष मात्र 'रोगा'ला दिला जातो. आठ ते दहा बार्ब ठेवले तर ते एकमेकांच्या मागे धावत राहतात. सोबतीला झेब्रा डॅनिओसारखे चपळ, आखूड पराचे मासेच हवेत. फायटर, एंजल, गौरामी, गप्पी नकोत. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न कोणाबरोबरच नकोत.

मासे आणायच्या आधी टँक पिकवावा लागतो. विष्ठा आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधल्या स्पंजवर वाढणारे जीवाणू त्याचा नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जीवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्तच. तेवढे दिवस फिल्टर चोवीस तास चालू ठेवून रोज चिमूटभर फिशफूड टाका. ओळखीच्या निरोगी टँकमधला जुना स्पंज मिळाला तर काम बरंच लवकर होतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागला की टँक तयार. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी इथे जास्त जपावं, जड पाण्याचा पीएच बहुधा चढा असतो. पीएच ७ ला जेवढा अमोनिया मासे सोसतात, तेवढाच पीएच ८ ला घातक ठरतो, कारण त्यातला विषारी भाग साधारण नऊ-दहा पट होतो.

मासे टप्प्याने सोडा. आधी शांत, कळपातले. दोन आठवड्यांनी तळाचे. जागेवर हक्क सांगणारे गौरामी शेवटी. उलट केलं तर गौरामी सगळा टँक आपला समजतो आणि नव्या माशांना कोपऱ्यात रेटतो. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी वाटीभर टँकचं पाणी तिच्यात घाला. मासे जाळीने उचलून सोडा, दुकानातलं पाणी टँकमध्ये ओतू नका. त्या रात्री लाईट बंद. शक्य असेल तर नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवा, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बहुतेक वेळा नव्या माशाबरोबरच येतो.

कोणी दबतोय का हे खायला घालताना बघा. फिल्टरच्या मागे थांबणारा, पर अंगाला चिकटवून ठेवणारा, अन्न पडूनही न येणारा मासा मार खातोय असं समजा. दगड, लाकूड, झाडांची जागा बदला, म्हणजे जुन्या हद्दी मोडतात. तेवढ्याने भागलं नाही तर मारणारा मासा बाहेर काढा. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या. कोरीची बुडणारी गोळी मात्र लाईट घालवल्यावर टाका, नाहीतर वरचेच मासे फस्त करतात.

बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १५ अंशांच्या खाली जातो, तेव्हा १०० लिटरला १०० वॉटचा हीटर हवा, २५ अंशांवर लावलेला. स्वस्त हीटरचा थर्मोस्टॅट अडकतो आणि पाणी तापतच राहतं, म्हणून वेगळा थर्मामीटर काचेला लावा. पाणी काढण्याआधी हीटरचा प्लग काढा. एप्रिल-मेमध्ये अडचण उलटी. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, सकाळी मासे वर येऊन धापा टाकतात. झाकण काढून जाळी ठेवा आणि छोट्या पंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. दोन-तीन अंश उतरतात. लाईट जास्त वेळ जात असेल तर निदान एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या.

दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदला. नळाचं पाणी चोवीस तास उघड्या पिंपात ठेवा किंवा अँटीक्लोरीन टाका. पावसाळ्यात पाण्याला क्लोरीनचा वास जास्त आला तर दोन्ही करा. स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धुतला तर जीवाणू मरतात आणि पुन्हा अमोनियापासून सुरुवात होते.

वाढलेला किंवा भांडखोर मासा तळ्यात, नदीत, विहिरीत सोडू नका. सकर देशात अनेक ठिकाणी असाच पसरला आहे, आणि मलप्रभा-घटप्रभेच्या पाण्यात आपले स्वतःचे मासे आहेत. बरेच दुकानदार असा मासा परत घेतात. न्यायचा झाला तर आदल्या दिवशी खायला घालू नका, पिशवीत एक तृतीयांश टँकचंच पाणी आणि बाकी हवा ठेवून दुहेरी रबर बांधा, आणि पिशवी कागदात गुंडाळून अंधारात न्या.