ऑफिसातला गोंगाट कमी करायचाय? आधी फॉल्स सीलिंगच्या वर बघा

ऑफिसातल्या आवाजाने लोक वैतागले की पहिला फोन जातो तो फोम विकणाऱ्याला. टोकदार करड्या तुकड्यांनी भिंत भरते, महिन्याभराने तक्रार मात्र जागेवरच असते. हा पातळ फोम खोलीतली वरच्या पट्टीची घुमण थोडी कमी करतो, पण शेजारच्या केबिनमधलं बोलणं अडवणं त्याच्याने होत नाही. शिवाय साधा पीयू (पॉलीयुरेथेन) फोम पेटला तर त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतो. माणसं बसतात तिथे तो लावू नका. अंड्यांचे ट्रे तर मुळीच नकोत.

इथे कामं दोन आहेत आणि ती वेगळी ठेवायची. खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषायला मऊ, सच्छिद्र, जाड माल लागतो. एका खोलीतून दुसरीत जाणारा आवाज अडवायला वजनदार आणि बिनफटीचा आडोसा लागतो. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलात की पैसे वाया गेलेच.

घुमण किती आहे याचा हिशेब सोपा आहे. हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो मांडला: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने (प्रत्येक पृष्ठभागाचं चौरस मीटर क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा जेवढा भाग शोषतो तो, या सगळ्यांची बेरीज) भागा. आवाज ६० डेसिबलने खाली यायला किती सेकंद लागतात, ते कळतं. १२ बाय ८ मीटरचा, ३ मीटर उंचीचा हॉल धरा. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला काच, वर साधी जिप्सम सीलिंग, आत वीसेक माणसं. एकूण शोषण २० च्या आसपास भरतं आणि उत्तर येतं सव्वादोन सेकंदांच्या वर. अशा खोलीत प्रत्येक शब्द पुढच्या शब्दावर सांडतो. आता छताला ०.७ एनआरसीच्या, म्हणजे पडलेल्या आवाजाचा साधारण ७० टक्के भाग शोषणाऱ्या, टाइल्स लावा. ९६ चौरस मीटर छताचं ६७ शोषण मिळतं आणि वेळ अर्ध्या सेकंदावर येते. म्हणून खर्चाचा पहिला रुपया छतावर घाला. साधी गुळगुळीत जिप्सम सीलिंग आवाज जवळपास शोषतच नाही, मग तिला कॅटलॉगमध्ये काहीही म्हणोत. छत उघडंच ठेवायचं असेल तर बॅफल, म्हणजे शोषक मालाचे उभे फलक, टांगा. चालण्याचा नि खुर्च्यांचा आवाज असेल तर कार्पेट टाइल. सतत फोनवर असणारी टीम अकाउंट्सच्या शेजारी बसवू नका. कुंड्या दिसायला छान, पण आवाजाच्या हिशेबात धरू नका.

इथवर सगळं सरळ आहे. खरी अडचण केबिन आणि मीटिंग रूमच्या पार्टिशनची, आणि याच टप्प्याने मला सर्वांत जास्त छळलं आहे.

आपल्याकडे जिप्समचं पार्टिशन बहुतेक वेळा फॉल्स सीलिंगपर्यंतच उभं करतात. सीलिंगच्या वर, स्लॅबपर्यंतची दीड-दोन फुटांची पोकळी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी राहते. केबिनमधलं बोलणं टाइलमधून वर जातं आणि पलीकडच्या टाइलमधून खाली उतरतं. छतासाठी चांगला शोषक माल घेतला म्हणून हे थांबत नाही. हलक्या, सच्छिद्र टाइलमधून आवाज बऱ्यापैकी पार होतो. मग मालक पार्टिशनवर आणखी एक बोर्ड चढवायला सांगतो. ते करू नका, आवाज त्या वाटेने जातच नाही.

पार्टिशन स्लॅबला भिडलंच पाहिजे. नवं काम असेल तर स्टड (पार्टिशनच्या आतल्या उभ्या पट्ट्या) सुरुवातीलाच स्लॅबपर्यंत न्या. जुनं असेल तर पार्टिशनच्या रेषेत सीलिंगच्या टाइल्स काढा, स्लॅबला चॅनेल ठोका, दोन्ही बाजूंनी १२.५ मिमीचा बोर्ड लावा आणि मध्ये ५० मिमी रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) भरा. बोर्ड मारणं अर्ध्या दिवसात होतं. वेळ जातो तो केबल ट्रे, स्प्रिंकलरचा पाइप आणि एसीचा डक्ट जिथून आरपार जातात, तिथे. मिस्त्री तिथे चौकोनी खिडकी कापून मोकळा होतो. त्याला थांबवा. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा उघडी राहिली, तर भिंत कितीही भारी असली तरी एकूण अडथळा २० डेसिबलच्या वर जात नाही. प्रत्येक पाइपभोवती बोर्ड बेताने कापा, उरलेल्या फटीत रॉकवूल ठासा आणि वरून कधी कडक न होणारा सीलंट भरा. पीओपी चालत नाही, ते तडकतं.

आणखी एक फसगत. बऱ्याच ऑफिसांत एसीची परतीची हवा याच पोकळीतून जाते. ती वाट बंद केली की केबिन गुदमरते, मग चार दिवसांनी एसीवाला येऊन तुमच्याच बोर्डाला भोक पाडून जातो. त्याच्याआधी तुम्हीच वाट ठेवा: आतून २५ मिमी अस्तर लावलेला, दोन वळणांचा छोटा डक्ट. हवा वळते, बोलणं अस्तरात मुरतं.

तपासणी टॉर्चने करा. ऑफिसचे दिवे बंद करा, एका माणसाला शिडीवर चढवून टॉर्च पोकळीत पेटवायला सांगा आणि तुम्ही पलीकडच्या केबिनची एक टाइल उचलून बघा. बोर्डाच्या कडेला जिथे उजेडाची रेघ दिसेल, तिथून शब्द येणार. मार्करने खूण करा, सीलंट भरा, पुन्हा बघा. वळणाच्या डक्टमधून उजेड दिसता कामा नये. हे झाल्याशिवाय टाइल्स बंद करू देऊ नका आणि शेवटचं बिलही काढू नका.

दरवाजाचं तसंच. ९०० मिमी रुंद दाराखाली १० मिमीची फट म्हणजे ९ चौरस मीटर भिंतीचा हजारावा भाग, आणि तेवढ्यानेच अडथळा ३० डेसिबलवर अडकतो. भरीव दार, चौकटीला रबर आणि दार लागलं की खाली उतरून फट बुजवणारी ड्रॉप सील घ्या. बिनचौकटीच्या काचेच्या दाराला चहूबाजूंनी फट असते. पगारवाढीची बोलणी अशा खोलीत करू नयेत.

एवढं करूनही मोकळ्या हॉलमध्ये चार टेबलांपलीकडचं बोलणं शब्दन् शब्द कळत असेल, तरच मास्किंगचे, म्हणजे सतत एकसारखा हलका आवाज सोडणारे, स्पीकर लावा. कामात व्यत्यय येतो तो समजणाऱ्या शब्दांमुळे, आणि मास्किंग नेमकं तेच पुसट करतं. पण आधी घुमण काढा, नाहीतर गोंगाटात आणखी भर पडेल. पातळी ४० ते ४५ डेसिबलच्या मध्ये ठेवा. त्यावर गेलात की लोक नकळत आवाज चढवून बोलू लागतात. पहिल्याच दिवशी पूर्ण पातळीला लावू नका, दोन-तीन आठवड्यांत थोडी थोडी वाढवत न्या.