विमा कंपनीचा बोनस आणि डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन: नियम कसा लिहावा

स्वस्त औषध लिहिण्यासाठी विमा कंपनी डॉक्टरांना बोनस देते, तेव्हा रुग्णाचं हित मागे पडू शकतं. ते रोखणाऱ्या नियमाची सुरुवात मोबदल्याच्या व्याख्येपासून करा. नुसतं ‘रोख बक्षीस’ लिहिलंत, तर तीच रक्कम ‘गुणवत्ता बोनस’ म्हणून परत येते. औषधनिवडीशी जोडलेला प्रत्येक मोबदला धरा, लक्ष्य गाठेपर्यंत राखून ठेवलेली फीसुद्धा.

बोनससाठी जेनेरिकचं प्रमाण मोजणं एकवेळ चालेल, कारण मूळ घटक तोच राहतो. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाचं औषधच बदलण्याचे पैसे मात्र सरळ बंद करा.

उपचारांचा खर्च वाढला की डॉक्टरांचा मोबदला घटणार असेल, तर त्या जोखमीला मर्यादा हवीच. अमेरिकेतल्या, खासगी कंपन्या चालवत असलेल्या ज्येष्ठांच्या सरकारी विमायोजनेच्या, म्हणजे मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजच्या नियमांत संभाव्य मोबदल्याच्या 25 टक्क्यांपलीकडची जोखीम ‘मोठी’ ठरते, आणि डॉक्टरांना स्टॉप-लॉस (ठरावीक रकमेपलीकडच्या तोट्यापासून वाचवणारं) संरक्षण द्यावं लागतं. ते नसेल तर एकच महागडा आजार हिशेब कोलमडवतो. मग असे रुग्णच टाळले जातात.

वैद्यकीय कारण नोंदवून महागडं औषध दिलं, तर तो अपवाद बोनसच्या गणितातून वगळा. रुग्णाला लेखी कळवा, औषध बदलण्याआधी.