बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावणे

कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचा कस बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात असतो. केस काढलेल्या 10 किलो कातड्याला साधारण 8 ते 10 किलो कुटलेली साल आणि 2 ते 3 किलो बिया काढलेला हिरडा धरा.

आधी केस काढायला वापरलेला चुना पूर्ण धुऊन काढा. कडेच्या ताज्या कापावर हळदीचे पाणी लावा. लाल झाले तर चुना उरला आहे, आणि त्याने चामडे डागाळते, कडक होते.

कातडे बुडवायचे सालीचे पहिले पाणी फिकेच हवे. इथेच बहुतेक जण घाई करतात. सुरुवातीलाच दाट काढा दिला की वरचा थर आवळतो आणि गाभा कच्चा राहतो. तीन-चार दिवसांनी थोडी साल वाढवा, कातडे रोज उलटा. हिरडा नंतरच्या पाण्यात घाला, त्याने रंग उजळतो. जाड कातड्याला तीन-चार आठवडे लागतात. काप घेऊन पाहा: मधे पांढुरकी रेघ दिसली, तर अजून थांबा.

लोखंडी भांडे नकोच, काळे डाग पडतात आणि जात नाहीत.

शेवटी धुऊन, ओलसर असतानाच करडईचे तेल चोळा आणि सावलीत वाळवा.