बेसबॉलचा कटर वळत नाही? या चुका टाळा

कोकणातली बरीच मुलं बेसबॉलकडे येतात ती टेनिस बॉल क्रिकेटमधून. खांदा तयार असतो, नेमही असतो. पण लेग-कटरची सवय सोबत येते आणि कटर, म्हणजे जोरात येऊन शेवटी जरासा बाजूला सरकणारा चेंडू, तिथेच बिघडतो. उजव्या हाताने टाकले तर दोन्ही चेंडू डावीकडेच जातात, म्हणून मुलं बोटं चेंडूवरून तशीच फिरवतात. लेग-कटरला टप्पा मिळतो. कटरला तो नाही. चेंडू टाकणाऱ्या पिचरपासून बॅटरपर्यंतच्या 18.44 मीटरच्या अंतरात, तेही बॅटजवळ पोहोचता पोहोचता, त्याला हवेतच काही इंच सरकायचं असतं. मनगट पिळलं की वेग पडतो, वळण लवकर दिसतं आणि कटरचा अर्धाकच्चा स्लायडर (जास्त वळणारा, हळू चेंडू) होतो. वर कोपरावर ताण. आतल्या बाजूला दुखायला लागलं तर त्या दिवशी चेंडू खाली ठेवा, यात तडजोड नको.

पकड फोर-सीमचीच, म्हणजे शिवणीवर आडवी दोन बोटं ठेवून टाकायच्या सरळ, वेगवान फास्टबॉलचीच घ्या. दोन्ही बोटं मधोमध न ठेवता किंचित उजवीकडे सरकवा, मधल्या बोटाचा दाब वाढवा आणि हात फास्टबॉलइतकाच जोरात येऊ द्या. चेंडू सरळ गेला तर बोटं आणखी जराशी सरकवा. मनगट मात्र पिळू नका. न्यूयॉर्क यँकीजचा पिचर मारियानो रिवेरा याला 1997 मध्ये साध्या कॅचच्या सरावात हा चेंडू सापडला. सुरुवातीला त्याने तो सरळ करायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि पुढे मुख्यतः त्याच एका चेंडूवर त्याने 652 सेव्ह (संघाची आघाडी शेवटपर्यंत टिकवल्याची नोंद) मिळवले. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती त्याची सहज, एकसारखी अ‍ॅक्शन. मुलांनी तीच पाहावी.

किनाऱ्यावर आणखी एक फसगत होते. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की दक्षिणेकडे तोंड करून टाकलेला साधा चेंडूही डावीकडे सरकतो आणि पोरगं खूश होतं. बाजू बदलून उत्तरेकडे टाकायला लावा. तिथेही डावीकडे गेला तरच तो कटर. खात्री करायची तर सकाळी, वारा पडलेला असताना सराव ठेवा.

घामाचं म्हणाल तर हात ओला झाला की चेंडू आवळून धरला जातो आणि मनगट आखडतं. रोझिनची (हात कोरडा ठेवणाऱ्या राळेच्या भुकटीची) पिशवी आणि कोरडं फडकं जवळ असू द्या. पावसात भिजून जड झालेला चेंडू पिचिंगला वापरू नका.

शेवटची चूक नेमाची. न वळलेला कटर मधोमध आला तर तो फास्टबॉलपेक्षा हळू असा सरळ चेंडू असतो, बॅटरला हवा तसा. उजव्या हाताच्या पिचरने डावखुऱ्या बॅटरला आतल्या कडेवर नेम धरावा, म्हणजे चेंडू त्याच्या मुठींकडे शिरतो आणि बॅटच्या बारीक भागावर लागतो. उजव्या बॅटरला बाहेरची कड. कॅचरला ग्लोव्ह आधीच कडेला धरायला सांगा.