जुना टर्बो घेताय? आधी शाफ्ट हलवून बघा
निसानच्या सिल्विया गाडीच्या एसआर२० इंजिनला मोठा टर्बो टाकायचाय म्हणून बरेच जण आधी टर्बोच घेऊन बसतात, तसं करू नका, किती पॉवर हवी ते ठरवा नि मग कम्प्रेसर मॅप (टर्बो किती दाबाने किती हवा देतो त्याचा आलेख) बघा. जुना घेत असाल तर शाफ्ट (टर्बोच्या मधला फिरणारा दांडा) बोटाने आत-बाहेर ढकला, जाणवण्याइतका सरकला तर सरळ सोडून द्या, बाजूला किंचित हलणं जर्नल बेअरिंगला (शाफ्ट तेलाच्या थरावर फिरतो ते साधं बेअरिंग) चालतं. ब्लेडची टोकं टॉर्च मारून बघा. फ्लँज (टर्बो इंजिनच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला बसतो तो जोड) टी२५ मापाचा आहे की टी३ हे विचाराच, नाहीतर मॅनिफोल्डचा खर्च वेगळा. गॅरेट कंपनीचा बॉल बेअरिंगवाला असेल तर ऑइल फीडला (तेल आत येणाऱ्या पाइपला) साधारण १ मिमीचा रिस्ट्रिक्टर (तेल कमी सोडणारं बारीक छिद्र) लागतो, पण ड्रेन पाइप मात्र जाड नि सरळ खाली उतरणाराच हवा, तिथे पैसे वाचवू नका हो, तेल तुंबलं की सीलमधून गळतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर सुरू.