मज्जारज्जूचे काप जगवताना

मोटर न्यूरॉनवर, म्हणजे स्नायूंना हालचालीचे संदेश देणाऱ्या चेतापेशींवर, काम करायचं ठरलं की बरेच नवे विद्यार्थी सुट्या पेशींच्या कल्चरकडे वळतात. मी मज्जारज्जूचे काप निवडले. कापात न्यूरॉन एकटा पडत नाही. ग्लूटामेट हा चेतापेशींमधला संदेशवाहक जादा झाला की त्यांना घातक ठरतो; भोवतालचा हा जादा ग्लूटामेट शोषून घेणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशी शेजारीच असतात. १९९३मध्ये रॉथस्टाइन आणि सहकाऱ्यांनी अशाच कापांत हे शोषण कित्येक आठवडे रोखलं, तेव्हा मोटर न्यूरॉन हळूहळू मरत गेले. एएलएस या मोटर न्यूरॉन मरत जाणाऱ्या आजाराच्या अभ्यासात ही पद्धत रुजली ती यामुळे.

प्राणी हाताळण्याचं प्रशिक्षण आणि नीतिमत्ता समितीची परवानगी आधी हवीच. मग रॅटच्या साधारण ८ दिवसांच्या पिल्लाचा कमरेकडचा मज्जारज्जू काढायचा आणि बर्फगार द्रावणात त्यावरची पातळ आवरणं सोलायची. खरा कस इथे लागतो. रज्जूच्या दोन्ही बाजूंना मज्जातंतूंच्या मुळांचे धागे लोंबत असतात. सुरुवातीला मी ते चिमट्याने ओढून काढायचे. काप अगदी स्वच्छ दिसायचे, पण रंगवल्यावर व्हेंट्रल हॉर्नमध्ये, म्हणजे मोटर न्यूरॉन असतात त्या रज्जूच्या पोटाकडच्या भागात, मोठ्या पेशी जेमतेम सापडायच्या. कितीतरी दिवस मी मीडियमला, म्हणजे काप जगवणाऱ्या पोषक द्रावणाला, दोष देत होते! मोटर न्यूरॉनचा ॲक्सॉन, म्हणजे त्याचा लांब तंतू, त्याच मुळातून बाहेर जातो; धागा ओढला की हिसका थेट पेशीला बसतो. आता मुळं बारीक कात्रीने रज्जूलगत कापते.

टिश्यू चॉपर या काप पाडणाऱ्या यंत्रावर ३५० मायक्रॉनचे काप पाडून ते मेम्ब्रेन इन्सर्टवर, म्हणजे सच्छिद्र पडद्याचा तळ असलेल्या छोट्या कपात, ठेवतात. मीडियम फक्त खाली, सहा खाचांच्या प्लेटमध्ये सुमारे १ मिली. वर ओलाव्याचा पातळ थर पुरतो. थेंब साचला तर काप तरंगतो आणि त्याला ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून पिपेटने तो लगेच टिपून घ्या. मेम्ब्रेनखाली बुडबुडाही राहू देऊ नका.

पुढे ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आठवड्यातून दोनदा मीडियम बदल. पहिला आठवडा कापाकडे बघवत नाही; कापताना दुखावलेल्या पेशी मरून जात असतात. नंतर काप मेम्ब्रेनला घट्ट चिकटतो, पसरून पातळ होतो. तोवर तपासायचं औषध घालण्याची घाई नको.

मोटर न्यूरॉन ओळखू देणाऱ्या एसएमआय-३२ अँटिबॉडीने रंगवून मोजणी करताना प्लेटवरची नावं दुसऱ्या कुणाकडून झाकून घ्या. आणि एकाच पिल्लाचे दहा काप म्हणजे दहा स्वतंत्र नमुने नव्हेत. नमुन्यांची संख्या पिल्लांवरून धरा.