शेवटची ओळ घट्ट होऊ नये म्हणून

स्वेटर किंवा शाल महिनाभर निगुतीने विणली जाते आणि बिघडते ती नेमकी शेवटच्या ओळीत. टाके बंद करताना प्रत्येक टाका शेजारच्या टाक्यावरून ओढून घेतला जातो, त्यामुळे ती कड बाकीच्या विणीइतकी ताणली जात नाही. गळा डोक्यातून जात नाही, शालीची कड आत ओढली जाते. उपाय सोपा आहे: फक्त या ओळीसाठी उजव्या हातात एक-दोन नंबर जाड सुई घ्या. वीण ४ मिमीच्या सुईवर असेल तर ५ मिमीची. त्याआधी उरलेली लोकर मोजा; विणीच्या रुंदीच्या निदान चौपट हवी. कमी असेल तर एक ओळ आधीच थांबा, कडेच्या मधोमध जोड देण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

सुटी टोके १५ सेंमी ठेवा. बोथट शिवणसुईने विणीच्या उलट बाजूने ५-६ सेंमी ओवा, मग दिशा बदलून थोडे मागे या. एकाच दिशेने ओवलेले टोक धुण्यात निसटते. गाठ मारू नका, ती सुलट, म्हणजे दर्शनी बाजूला डोकावते. आणि हे काम शेवटासाठी साठवू नका! नवा गुंडा जोडला की दोन-चार ओळींनंतर लगेच टोक ओवावे. बरेचसे स्वेटर या कंटाळ्यापायीच अर्धवट पडून राहतात.